दुरून रीडिंग साजरं

दुरून कारभार चालवणं ही हुबळी-धारवाडच्या माणसाला नवलाची गोष्ट नाही. १९६२ साली आमची महापालिका एक झाली, पण गावं दोनच राहिली, आणि मध्ये वीसेक किलोमीटरचा रस्ता. महापालिका हुबळीत, कलेक्टर धारवाडात. नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय हुबळीत, विद्यापीठ धारवाडात. भांडण हुबळीच्या दुर्गदबैलात उकरायचं आणि हायकोर्टापर्यंत नेण्याची ऐपत असेल तर खंडपीठासाठी धारवाड गाठायचं. सून हुबळीत नोकरीला असली, तरी सासूचं राज्य धारवाडातून फोनवर सुरळीत चालतं. अशा गावात कुणी येऊन सांगितलं, की आता विद्यार्थी घरी बसून लांबच्या प्रयोगशाळेतलं यंत्र चालवणार, तर आमची माणसं फार तर विचारतील, ‘मग मधल्या सुट्टीत चहा कुठं री?’

मी हुबळीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. राहायला धारवाडात, माळमड्डीत. रोज बसनं हुबळी-धारवाड करणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. त्या वेळात मी अशा निष्कर्षाला आलो, की दूरस्थ प्रयोगशाळा हा काही नवा शोध नाही. आमच्या लॅब पहिल्यापासून दूरस्थच होत्या. फक्त इंटरनेट नव्हतं.

एका टेबलावर एक सीआरओ, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, आणि त्याच्याभोवती सहा मुलं. पहिला नॉब फिरवतो. असा मुलगा प्रत्येक बॅचमध्ये एकच असतो आणि चारही वर्षं नॉब त्याच्याच हातात राहतो. सत्तापालट होत नाही. दुसरा मोठ्यानं रीडिंग वाचतो. तिसरा लिहितो, कारण त्याचं अक्षर चांगलं. चौथा तिसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा असतो. हात काढला तर प्रयोग कोसळेल अशा जबाबदारीनं. पाचवा विचारतो, ‘किती आलं?’ आणि सहावा खिडकीतून कँटीनचं रीडिंग घेत असतो. ह्या सहाव्याचं सीआरओपासूनचं अंतर टेपनं मोजलं तर सहा फूट भरेल. शिक्षणाच्या हिशेबानं तो लांबच्या नवलगुंद गावात उभा आहे.

आणि रीडिंग घ्यायची तरी गरज कुठं होती? सिलिकॉनचा डायोड ०.७ व्होल्टच्या आसपास वाहायला लागतो, हे पुस्तकात छापलेलंच असतं. मुलं ०.७ पासून निघून उलटी चालत शून्यापर्यंत येत आणि वाटेत लागतील तेवढी रीडिंग उचलत. मागच्या बॅचचं रेकॉर्ड हे तर आद्य ई-लर्निंग. वीज गेली तरी चालणारं. माझ्या सबंध नोकरीत एकाही डायोडनं ०.७ ची मर्यादा ओलांडल्याची लेखी नोंद नाही. एवढं चारित्र्य माणसांत सापडत नाही.

यंत्राच्या खरोखर जवळ एकच माणूस असे: आमचे अटेंडर अण्णा. कोणता सीआरओ थोपटल्यावर चालतो आणि कोणता दटावल्यावर, कोणत्या प्रोबची वायर कोणत्या कोनात धरावी लागते, हे ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं. ते अण्णांच्या बोटांत होतं. नवा मुलगा ब्रेडबोर्डकडे सरकला की लांबून हाक येई, ‘मुट्टब्याड्री!’ हात लावू नका. प्रात्यक्षिकाच्या वर्गाची सुरुवात ‘हात लावू नका’नं व्हावी, ह्यात तेव्हा कुणालाच काही वावगं वाटत नसे. यंत्रं टिकली पाहिजेत. मुलं काय, दर वर्षी नवी येतात.

तरी दारात लॅब असणं हेच मोठं. हुबळीत बी. व्ही. भूमरड्डी कॉलेज १९४७ साली निघालं. आज त्याचंच केएलई तांत्रिक विद्यापीठ झालं आहे. त्याआधी धारवाड मुंबई इलाख्यात होतं आणि इथल्या मुलाच्या डोक्यात इंजिनिअर व्हायचं आलं, की घरचे लोक पुण्याच्या गाडीचं वेळापत्रक बघत. म्हणजे तेव्हा दूरस्थ काय असायचं, तर घर.

पुढं शिक्षण थेट आकाशात गेलं. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोनं श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ सोडला. फक्त शिक्षणाला वाहिलेला उपग्रह. पथदर्शी प्रकल्पात बेळगावचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ होतं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही होतं. उपग्रहाची जागा विषुववृत्तावर ७४ अंश पूर्व रेखांशाला, म्हणजे आमच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर. स्टुडिओतल्या सरांचा शब्द तिथवर चढायचा आणि तेवढाच खाली उतरून वर्गातल्या पडद्यावर यायचा. हा बहात्तर हजार किलोमीटरचा प्रवास बिनबोभाट पार पडायचा. शब्द अडकायचा तो शेवटच्या काही फुटांत, स्पीकर आणि मागचा बाक यांच्या दरम्यान. तिथं कुठलाच अग्निबाण चालत नाही.

मग एनपीटीईएल आलं. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २००३ साली सुरू केलेला हा उपक्रम. मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी व्यासपीठ आलं. माझी भाची तेव्हा शिकायला आमच्याकडे होती. ती ही व्याख्यानं दीडपट वेगानं ऐकायची. आयआयटीचे ते संथ, विचार करून बोलणारे प्राध्यापक दीडपट वेगात घरात शिरले, की आमच्या आईला वाटायचं दोन माणसं भांडतायत. मी शिकवताना मुलं घड्याळाकडे का बघायची, ह्याचा उलगडा मला तेव्हा झाला. ती बिचारी माझं दीडपटीचं बटण शोधत होती.

पण ऐकणं वेगळं आणि हात लावणं वेगळं. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि कॉलेजांना शोध लागला, की व्याख्यान फोनवरून पाठवता येतं, सीआरओ नाही. पहिल्या ऑनलाइन प्रात्यक्षिकात मी कळकळीनं ट्रान्झिस्टर समजावून सांगितला. शेवटी शंका विचारल्या, तेव्हा एक आवाज आला, ‘केळसवल्दु री सर.’ ऐकूच येत नव्हतं म्हणे. केव्हापासून, हे विचारण्याचं धैर्य मला झालं नाही.

तेव्हा हाताशी आल्या त्या व्हर्च्युअल लॅब्ज. केंद्र सरकारच्या योजनेतून, आयआयटी दिल्लीच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या. सहभागी संस्थांत सुरतकलचं एनआयटी होतं आणि पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, सीओईपीसुद्धा. ज्या कॉलेजासाठी धारवाडची मुलं घर सोडायची, ते कॉलेज आता आपली लॅब घेऊन माळमड्डीतल्या माजघरात आलं. माऊसनं वायर ओढायची, बटण दाबायचं, वक्र तयार. सगळं कसं नीटनेटकं.

आणि तिथंच माझं पित्त खवळलं. ह्या लॅब म्हणजे बहुतेक सिम्युलेशन, आणि सिम्युलेशनमधला रेझिस्टर हजार ओहमचा म्हणजे हजारच ओहमचा. खऱ्या रेझिस्टरवर सोनेरी पट्टा असतो. तो पाच टक्के इकडंतिकडं होण्याचा परवाना आहे. पडद्यावरचा ट्रान्झिस्टर उलटा जोडला तर नम्रपणे सांगतो, की जोडणी तपासा. खरा ट्रान्झिस्टर सांगत नाही, जळतो. त्या वासानं शिकवलेला धडा पुन्हा शिकवावा लागत नाही. लूज कनेक्शन शोधण्यात इंजिनिअरचं अर्धं आयुष्य जातं आणि ह्या लॅबमध्ये लूज कनेक्शनच नाही! मागच्या बॅचच्या रेकॉर्डला पडद्यावर हलायला शिकवलं, एवढाच फरक.

पण खरी दूरस्थ प्रयोगशाळा ही वेगळी चीज आहे. तिथं यंत्र खरं असतं. लांब असतात ते फक्त आपण. अमेरिकेत एमआयटीनं १९९८ मध्येच खऱ्या ट्रान्झिस्टरची मापं घरबसल्या घ्यायची सोय केली. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या ब्लेकिंगे इथल्या संस्थेत एक लॅब सुरू झाली. तीच पुढं ‘व्हिझिर’ नावानं गाजली. तिथं विद्यार्थी पडद्यावरच्या ब्रेडबोर्डवर वायर लावतो आणि तिकडे रिलेंचा एक मनोरा खटाखट चालून तीच जोडणी खऱ्या सुट्या भागांत करून दाखवतो. जोडणी धोक्याची असेल तर यंत्रणा ती करायलाच नकार देते. म्हणजे स्वीडननं इतकी वर्षं खर्ची घालून शेवटी काय बनवलं, तर आमचे अटेंडर अण्णा. फक्त ओरडत नाहीत.

आपल्याकडे आयआयटी मुंबईनं असाच एक छोटा, भलताच साधा संच केला होता. पोलादाची एक पातळ पट्टी, ती तापवायला हीटर, निववायला पंखा, तापमान सांगायला सेन्सर आणि ह्या सगळ्यांवर नजर ठेवायला मायक्रोकंट्रोलर. वेळ आधी राखून ठेवायची, सायलॅबमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, आणि पवईतली पट्टी हव्या त्या तापमानाला धरून ठेवायची. लॉकडाऊनच्या आधीची गोष्ट. भाचीनं रात्रीची वेळ घेतली होती. आई माळ ओढत शेजारी बसलेली.

‘काय करायलीस गं एवढ्या रात्री?’

‘आजी, मुंबईतला पंखा फिरवतीय.’

आई विचारात पडली. मुंबईत आमचं कुणी राहत नाही. ‘दुसऱ्याचा पंखा? आणि बिल कोण भरतं?’

‘सरकार.’

‘मग फिरव,’ म्हणून आईनं माळ पुढं ओढली.

मी मागं उभा राहून बघत होतो. पट्टीचं तापमान चाळीस अंशांवर धरायचं होतं. ते चाळीस ओलांडून गेलं. भाचीनं पंखा वाढवला. काही झालं नाही. तिनं आणखी वाढवला. आता तापमान उतरू लागलं आणि उतरतच गेलं. मग हीटर, पुन्हा पंखा. मी सूचना करायला तोंड उघडलं.

‘मामा, तुम्ही गप्प बसा हो. ती पट्टी उशिरा ऐकतीय.’

मी वर्षानुवर्षं फळ्यावर समीकरणं मांडून जे सांगत होतो, ते हेच. वस्तू लगेच ऐकत नाही. तिला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात धीर सोडून आपण पुन्हा हात घातला की बिघडतं. कंट्रोल सिस्टिमचा अर्धा पेपर ह्या एका गोष्टीवर उभा आहे. ते पोरीला पवईच्या एका पट्टीनं, दोन गावं किंवा बहात्तर हजार किलोमीटर मध्ये न आणता, थेट शिकवलं. कारण साधं होतं: नॉब तिच्या एकटीच्या हातात होता. खांद्यावर हात ठेवणारा चौथा नव्हता, ‘किती आलं?’ विचारणारा पाचवा नव्हता, आणि ‘मुट्टब्याड्री’ म्हणणारे अण्णा त्या पट्टीच्या जवळपास कुठंही नव्हते. यंत्र किती लांब आहे ह्याला फारसं महत्त्व नाही; त्याला कुणाचा हात लागतोय, ह्याला आहे.

आता हा प्रयोग कॉलेजात दाखवायचा. संगणकानं प्रत्येक क्षणाचं तापमान वेळेसकट नोंदवून फाइल दिली होती. कॉलेजनं ती बघितली आणि सांगितलं, हे सगळं हातानं रेकॉर्डमध्ये उतरवून आण. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकृती, उजवीकडे निळ्या शाईनं मजकूर, ग्राफ पेपर कडेनं कापून चिकटवलेला, आणि अनुक्रमणिकेत प्रत्येक ओळीला सही. पंखा मुंबईहून फिरवता येतो, सही मात्र केबिनबाहेर उभं राहूनच मिळते. भाचीनं मुकाट्यानं सगळं उतरवलं. चाळीसच्या रेषेवर चढलेला, मग खाली घसरलेला, मग डुलत डुलत स्थिरावलेला तो ओबडधोबड आलेख, होता तसा.

व्हायवाला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी रेकॉर्डचा गठ्ठा चाळला. बाकी सगळ्यांचे आलेख एकाच मुशीतून काढल्यासारखे गुळगुळीत. हिच्या पानावर ते थांबले.

‘इथं एवढा उंचवटा कसा काय?’

‘सर, मी पंखा उशिरा वाढवला. आणि मग घाईनं जास्तच वाढवला.’

परीक्षकांनी चष्मा काढला. ‘म्हणजे प्रयोग खरंच केलास तू?’

‘हो सर.’

ते मनापासून खूश झाले. वर्गातल्या सगळ्यांना तो आलेख दाखवला. म्हणाले, इंजिनिअरिंग म्हणजे हे. मग गुण दिले आणि त्यातले दोन कापले.

‘का, सर?’ भाचीनं विचारलं.

‘ग्राफ गुळगुळीत नाही ना.’