असू दे, कधीतरी लागेल

जळालेल्या मिक्सरचं धडधाकट भांडं, टीव्हीचं रिकामं खोकं, लेमन सेटमधले उरलेले चार पेले. या सगळ्यांना माळ्यावर चढवणारं वाक्य एकच असतं: ‘असू दे, कधीतरी लागेल.’ जावा लिहिणारी मंडळी हेच वाक्य कोडमध्ये लिहितात आणि त्याला कॅश म्हणतात.

हेतूत खोट काढायला जागा नाही. डेटाबेसकडून एकदा आणलेली माहिती दर वेळी पुन्हा मागायला का जा? हाताशी ठेवावी. त्यासाठी एक स्टॅटिक हॅशमॅप पुरतो आणि दोन ओळी: आहे का बघ, नसेल तर आणून ठेव. ‘काढून टाक’ ही तिसरी ओळ मात्र कुणाला सुचत नाही. ठेवणाऱ्याला टाकण्याचं सुचू नये, ही रीत जुनीच आहे.

‘पण जावात गार्बेज कलेक्टर असतो ना?’ असतो. जॉन मॅकार्थी यांनी 1959च्या सुमारास लिस्प भाषेसाठी ही युक्ती काढली आणि 1995 साली आलेल्या जावाने ती सर्वतोमुखी केली. सी भाषेत मागून घेतलेली मेमरी आपणच परत करायची असते. जावात ती कटकट नाही, असं शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगतात. सांगायचं राहतं ते हे, की कलेक्टर गरज बघत नाही, पोहोच बघतो. चालू थ्रेड, स्टॅटिक फील्ड अशा मुळांपासून तो निघतो, एका संदर्भावरून दुसऱ्यावर जातो, आणि जिथवर पोहोचता येतं तिथल्या कशालाही हात लावत नाही. पहाटे एकदा डोकावून गेलेला ग्राहक पुन्हा कधीच येणार नसेल. पण तुमच्या स्टॅटिक हॅशमॅपने त्याचं बोट धरलंय ना? मग तो राहणार. सीमधली गळती विसरभोळेपणाने होते, जावातली लोभाने.

टेस्टिंगला हे दिसत नाही. तिथे मोजके ग्राहक, तेही आपल्याच टीमचे. प्रॉडक्शनला मात्र दिवसभर मेमरीचा आलेख चढतो, कलेक्टर फिरला की उतरतो. चढ बघून घाबरू नये. उतरल्यावर आलेख कुठे टेकतो ते बघावं. मोठ्या साफसफाईनंतरही टेकण्याची जागा दर वेळी वर सरकत असेल, तर समजून चालावं. पुढे पुढे कलेक्टरच सगळा वेळ खातो. पॅरलल कलेक्टर वापरत असाल तर 98 टक्क्यांहून जास्त वेळ सफाईत जाऊन हीपचा 2 टक्के भागही मोकळा होईना, की जावा स्वतःच हात टेकते आणि आउटऑफमेमरीएरर फेकते. इतकं स्पष्ट राजीनामापत्र माणसंसुद्धा देत नाहीत.

यावर पहिला उपाय सगळीकडे सारखाच: ‘रीस्टार्ट मार.’ दुसरा, हीप 4 जीबीचा 8 करणं. त्याने दुखणं जात नाही, पुढच्या आठवड्यावर ढकललं जातं. तिसरा उपाय कुणी आनंदाने करत नाही, तो म्हणजे हीप डम्प घेऊन बसणं. एक्लिप्स मेमरी अॅनालायझरमध्ये तो उघडला की प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे दिसतात: तिचं स्वतःचं वजन, आणि तिच्यामुळे अडून राहिलेली एकूण मेमरी. नेहमीच्या 64 बिटी जावात हॅशमॅपचं स्वतःचं वजन 48 बाइट. शेजारचा आकडा जीबीत. इतका किरकोळ इसम एवढा जमीनजुमला दाबून बसलेला पाहिला, की क्षणभर आदरच वाटतो.

मग आत कोण आहे ते बघावं. पुष्कळदा एकच ग्राहक हजारो वेळा सापडतो. ग्राहक क्रमांक आणि तारीख यांची किल्ली म्हणून एक छोटा क्लास केलेला असतो, पण त्यात इक्वल्स आणि हॅशकोड लिहिलेले नसतात. त्यामुळे दर वेळी नवी किल्ली जावाला अनोळखी वाटते. ‘आहे का?’ ‘नाही.’ मग डेटाबेसकडे फेरी, मग नवी नोंद. कॅश खचाखच भरलेली, उपयोग शून्य. नोंद सगळ्यांची, ओळख कुणाचीच नाही.

हुशार मंडळी वीकहॅशमॅपकडे वळतात. त्यात किल्लीवरची पकड सैल असते, किमतीवरची मात्र घट्ट. किमतीनेच किल्लीला धरून ठेवलं असेल तर दोघंही सुखरूप. कॅफीनसारखी तयार लायब्ररी घेतली आणि मुदत दिली, तरी मुदत संपल्याच्या क्षणी नोंद मेमरीतून जात नाही. मागितली तर मिळत नाही, एवढंच. सफाई बहुधा पुढच्या लिहिण्या-वाचण्याच्या ओघात होते. वर्दळ थांबली तर वेगळा शेड्यूलर लावावा लागतो.

आणि काय टाकायचं? लास्लो बेलाडी यांनी 1966 सालीच आदर्श उत्तर दिलं: ज्याची गरज सर्वात उशिरा पडणार, ते टाका. बिनतोड उत्तर, फक्त त्यासाठी भविष्य कळावं लागतं. बाकी सगळ्या पद्धती अंदाजाच्या. कुणी शेवटचं कधी वापरलं ते बघतो, कॅफीन किती वेळा वापरलं तेही मोजतं. अंदाज चुकतोच. पण चुकला तर बिघडतं काय? डेटाबेसकडे एक फेरी जास्त. काहीच न टाकण्याची किंमत मात्र अख्खा सर्व्हर असते.

तेव्हा कॅश लिहायला बसाल तर पहिल्यांदा कमाल नोंदींचा आकडा लिहा, बाकीचं मागाहून. तो हजार असावा की लाख, यावर टीममध्ये खुशाल भांडा. पण आकडा घातल्याशिवाय कोड पुढे पाठवू नका.