ल मोर्नचा वारा आणि येवल्याचे हात

येवल्याच्या माणसाला पतंग शिकवायला जाऊ नये. तो आधी हसतो, मग चिडतो, आणि शेवटी शिकवणाऱ्यालाच शिकवू लागतो. आमच्याकडे संक्रांत एका दिवसात आटपत नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव छपरावर असतं. फिरकीला आम्ही आसारी म्हणतो आणि ती धरण्याचं काम घरातल्या बायकांकडे असतं. पतंग नवऱ्याने उडवायचा, आसारी बायकोने धरायची, आणि पतंग कटला की 'ढील वेळेवर दिली नाहीस' असं म्हणून खापर तिच्या डोक्यावर फोडायचं, अशी आमच्या घराण्याची कामाची वाटणी. पिढ्यानपिढ्या ती एका पक्षाला पूर्ण मान्य आहे.

त्यामुळे पुण्याच्या आमच्या चिरंजीवांनी लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मॉरिशसची तिकिटं आणि सोबत 'काइटबोर्डिंग'ची शिकवणी पाठवली, तेव्हा मी फारसा विचार केला नाही. पायाखाली फळी, कमरेला पतंग, खाली समुद्र. "बाबा, तुम्ही येवल्याचे. तुम्हाला काय अवघड?" एवढ्या एका वाक्यावर मी हिंदी महासागर ओलांडायला तयार झालो. बायको म्हणाली, "मीही येते. आसारी कोण धरणार?"

विमानतळावर ड्रायव्हर घ्यायला आला होता. आमची नावं वाचून त्याने हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार. आपला प्रवास सुखरूप झाला काय?"

मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत हे वाचून ठाऊक होतं, पण ती आपल्याला क्रमिक पुस्तकासारखी भेटतील याची तयारी नव्हती. 1834 पासून मजुरीच्या करारावर हिंदुस्थानातून जी माणसं उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांत कोकणातलेही बरेच होते. याचा पूर्वज त्यांतलाच. तिथे अनेकदा पहिल्या माणसाचं नावच पुढच्यांचं आडनाव झालं. त्यामुळे आपण ज्या नावाने खापरपणजोबांचं श्राद्ध घालू, ते नाव या तिशीतल्या पोराच्या लायसन्सवर आडनाव म्हणून छापलेलं होतं. घरात तो क्रिओल बोलायचा. मराठी शाळेत शिकला होता, म्हणून ती इस्त्री केल्यासारखी कडक होती. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि सध्या आपली झाकरीची तालीम चालू आहे, हे त्याने अभिमानाने सांगितलं. झाकरी म्हणजे कोकणातली जाखडी. आमच्या येवल्यात ती कुणाला येत नाही. मी विषय बदलला.

ल मोर्न हा बेटाच्या नैर्ऋत्य टोकाचा डोंगर, 556 मीटर उंच, समुद्रातून सरळ वर आलेला. मळ्यांवरून पळालेले गुलाम या कड्यांच्या आडोशाला लपून राहत. म्हणून 2008 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. हे सांगताना ड्रायव्हरने गाडीतलं गाणं बंद केलं. पुढचे काही दिवस त्याच डोंगराच्या पायथ्याशी, स्वतःच्या पैशाने कमरेला पट्टा बांधून घेऊन 'वाचवा' म्हणून ओरडायची मला प्रत्येक वेळी थोडी लाज वाटली. पण ओरडलो.

उष्ण कटिबंधातलं बेट म्हणून मी बॅगेत फक्त सुती सदरे भरले होते. मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा, आणि आग्नेयेचे व्यापारी वारे याच महिन्यांत जोर धरतात. काइटवाले जगभरातून येतात ते या वाऱ्यासाठी. किनाऱ्यावर उतरलो आणि दात वाजायला लागले. बायकोने पिशवीतून माझा स्वेटर काढला. तो तिने मला न विचारता आणला होता, आणि तसं बोलूनही दाखवलं.

समोर खाजणासारखं उथळ पाणी. दूर प्रवाळाची कडा लाटा अडवून धरते, त्यामुळे आत पाणी कमरेएवढं आणि निवांत. कडेपलीकडे 'वन आय' नावाची लाट फुटते. तिथून पाहिलं की डोंगरातलं एक भोक डोळ्यासारखं दिसतं, म्हणून ते नाव. तिथे मुरलेले लोक जातात. आमच्या मास्तरांनी तिकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, "तिकडे बघायचंसुद्धा नाही."

मास्तर तिथलेच, पंचविशीतले, उन्हाने केस पिंगट झालेले. क्रिओल, फ्रेंच आणि इंग्रजी एकाच वाक्यात वापरायचे. मी त्यांना माझा पतंगातला अनुभव सांगितला. त्यांनी अतिशय आदराने ऐकून घेतला आणि मला हेल्मेट दिलं.

पतंग वाळूवर पसरलेला होता. कागद नाही, कामट्या नाहीत. पुढच्या कडेला एक लांब नळी, ती पंपाने फुगवायची, म्हणजे पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि तिथून पुन्हा उडतो. क्षेत्रफळ नऊ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ शंभर चौरस फूट. नाशकात एवढ्याला बेडरूम म्हणून विकतात. चार दोऱ्या, प्रत्येक वीस मीटरच्या वर, आणि शेवटी हातात धरायचा आडवा दांडा, त्याला बार म्हणतात. लाल टोक डाव्या हातात. मधल्या दोऱ्या एका कडीतून कमरेच्या पट्ट्याला अडकवतात, म्हणजे ओढ हातांवर न येता कमरेवर येते. मी काच कुठल्या दोरीला लावलीय ते विचारलं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती समुद्राकडे पाहत होती.

मग त्यांनी वाळूत घड्याळ काढलं. डोक्यावर बारा, दोन्ही बाजूंना नऊ आणि तीन. बारावर पतंग शांत असतो. कडेला असला तरी फारसा ओढत नाही. खरी ताकद समोर, वारा जिकडे जातो त्या दिशेला, मधोमध. पतंग तिथून नेला की माणूस उठतो. वारा दुप्पट झाला तर ओढ चौपट होते, हेही त्यांनी बजावलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बार आपल्याकडे ओढला की जोर वाढतो, पुढे जाऊ दिला की कमी होतो. अडचण आली तर काय करायचं? सोडून द्यायचा. पतंग कमरेला अडकलेलाच असतो, कुठे पळत नाही.

सगळं घोडं इथेच अडलं. येवल्यात अडचण आली की आम्ही खेचतो. सपासप, हातावर हात. ते हातात इतकं मुरलंय की डोक्याला विचारावं लागत नाही. पतंग जरा झुकला की मी बार छातीशी ओढे. छातीशी ओढला की जोर वाढे. जोर वाढला की मी दोन पावलं उडून पाण्यात पडे. पडल्यावर घाबरून आणखी घट्ट धरे, म्हणजे पतंग मला तोंडावर पाडून आणखी पुढे नेई. मास्तर मागून "लार्ग! लार्ग!" असं ओरडत पळत येत. सोड, सोड. माझ्या आयुष्यात पतंग उडवताना ऐकलेला हा पहिला निरुपयोगी सल्ला होता.

फळी पायाला लागण्याआधी एक प्रकार असतो, 'बॉडी ड्रॅग'. फळीवाचूनच पतंगाने आपल्याला पाण्यातून ओढत न्यायचं. एक हात बारवर, दुसरा पाण्यात पुढे ताठ, म्हणजे अंग तिरकं राहतं आणि थोडंफार वाऱ्याच्या वर सरकता येतं. हातातून निसटलेली फळी याच युक्तीने परत मिळवतात. मी मात्र दोन्ही हात बारवर ठेवले, आणि ल मोर्नच्या पाण्याचा खारटपणा नाकाने मोजत गेलो.

एकदा बारावर पतंग धरून मी जरा स्थिरावलो होतो, तेवढ्यात शेजारच्या एका जर्मन मुलीचा पिवळा पतंग माझ्या दोऱ्यांच्या दिशेने सरकला. पुढचं मी केलं नाही, माझ्या पूर्वजांनी केलं. मनगट वळलं, पतंग खाली मारला, आणि तोंडातून "ये, ये" असं निघालं. मास्तरांची शिट्टी पहिल्यांदाच इतकी लांब वाजली. ती मुलगी चपळ होती, बाजूला झाली. मग मला पाण्यात उभं करून नियम सांगण्यात आला: दोघे जवळून जात असतील तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने पतंग वर ठेवायचा, खालच्या अंगाच्याने खाली, म्हणजे दोऱ्या एकमेकींना लागत नाहीत. ताणलेली दोरी दोरीला घासली की तुटते, आणि मग दोन माणसं एकाच वेळी कुठेही जातात. मला गंमत वाटली. समुद्रावर एवढे पतंग, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं सारं कसब पेच टाळण्यात खर्ची पडतंय! कटलेल्या पतंगामागे इथे पोरं धावत नाहीत, बोट धावते, आणि तिचं बिल येतं.

रात्री दुखऱ्या दंडांना तेल लावत मी या खेळाची कुंडली मोबाइलवर वाचून काढली. जॉर्ज पोकॉक नावाच्या ब्रिस्टलच्या मास्तराने 1826 साली पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. टोल घोड्यांच्या संख्येवर असे. याच्या गाडीला घोडाच नाही, म्हणून तिला टोल पडत नसे, असं सांगतात. नाशिकहून मुंबईला गाडीने जाणाऱ्या माणसाला या शोधाचं मोल वेगळं सांगायला नको. पाण्यात पडला तरी उठणारा फुगीर पतंग ही ब्रिटनीच्या लगेन्यू बंधूंची करामत, तिचं पेटंट 1984 चं. आणि 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्सेच्या समुद्रावर, काइटच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या. त्यात सिंगापूरच्या सतरा वर्षांच्या मुलाने कांस्यपदक मिळवलं. "सतरा वर्षांचा," मी बायकोला म्हणालो, "त्याचे हात अजून कुठे तयार झालेत!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

तिचा हा अधिकार नवा होता. ती किनाऱ्यावर बसायला आली होती. तिला कंटाळा येऊ नये म्हणून मास्तरांनी शिकाऊंचा छोटा पतंग तिच्या हातात दिला. ती उभी राहिली, बार दोन बोटांनी धरला, आणि पतंग बारावर जाऊन थांबला. मास्तर तीनवर म्हणाले, तो तीनवर गेला. परत म्हणाले, परत आला. त्यांना वाटलं, बाईंनी आधी कुठे तरी शिकलंय. शिकलं होतंच. संक्रांतीमागून संक्रांती आसारी तळहातावर फिरू देताना दोरीचा ताण तिला हाताने ऐकू येत असे, आणि मी 'ढील' म्हणून ओरडायच्या आधी तिची ढील गेलेली असे. वर पतंगाकडे बघायची सवय मला, खाली दोरीकडे लक्ष द्यायची तिला. या खेळात दुसरं लागतं.

पुढे तिने फळीही पायात चढवली. पाण्यात बसायचं, गुडघे पोटाशी, फळी पायांसमोर आडवी, पतंग बारावर. मग त्याला एका अंगाला जरा खाली झुकवायचं. तो ओढतो, तेव्हा उठायची घाई करायची नाही, त्याला उठवू द्यायचं. ती उठली. पंजाबी ड्रेसवर रबरी सूट, डोक्यावर हेल्मेट, आणि चेहऱ्यावर दळण टाकून परत निघाल्याचा भाव. मास्तर "परफे, मादाम!" म्हणून ओरडले. मी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्यांसाठी बार सोडावा लागला, आणि तेवढ्यापुरता माझाही पतंग छान उभा राहिला.

"अहो, तो ओढतोय तर सोडा की," जवळून जाताना ती म्हणाली. "कटलाच तर ऐकून घ्यायला मी आहेच."

शेवटी मीही उठलो, पण शहाणपणाने नव्हे. थंडीने बोटं बधिर झाली आणि बार धरवेना. तो आपोआप पुढे सरकला, पतंगाचा जोर उतरला, मी नुसत्या तळव्यांनी तो तिरका केला, आणि पाणी पायाखाली गेलं. फळी खळखळ वाजायला लागली. डावीकडे ल मोर्न, खाली हिरवं पाणी, आणि मी उभा! थांबायचं कसं हा पाठ माझा अजून झालेला नव्हता, त्यामुळे मी एका मोठ्या हॉटेलच्या किनाऱ्यापर्यंत गेलो आणि आरामखुर्च्यांवरच्या मंडळींच्या समोर बसलो.

नवशिक्याला वाऱ्याबरोबर जाता येतं, उलट परतता येत नाही. म्हणून तो पतंग आणि फळी सांभाळत किनाऱ्याने पायी परत येतो. मला तेवढं चालावं लागलं नाही. हॉटेलच्या मागच्या रस्त्यावर आमचा ड्रायव्हर गाडी लावून उभा होता, हातात गरम ढोलपुरीचा पुडा. वर्षानुवर्षं शिकाऊ पाहुण्यांची ने-आण करून त्याला एक हिशेब बसला होता: वारा किती आणि माणूस कसा, त्यावरून गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला किती दूर न्यायची. "आपण कुशल आहात काय?" त्याने विचारलं. मी पुरी तोंडात कोंबून मान हलवली.

त्यानंतर मी मास्तरांच्या शेऱ्यांकडे लक्ष देणं सोडलं. गाडी कुठे उभी आहे हेच माझं प्रगतिपुस्तक. ती हळूहळू शाळेच्या दिशेने सरकू लागली होती. आणि निघायच्या आदल्या सकाळी पाहतो, तर गाडी थेट शाळेच्या दाराशी, कुंपणाला टेकून. मला भरून आलं. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "अरे, एवढा विश्वास?"

तो संकोचला. मग त्याच्या त्या स्वच्छ मराठीत म्हणाला, "ताई आज परत येथेच येतील, म्हणून येथे थांबलो. आपणांस आणावयास माझा मेहुणा तिकडे हॉटेलपाशी उभा आहे."