घोडा नको, आम्ही चालतोय

माथेरानला जे काही पैसे लागतात, ते बहुतेक न चालण्याचे लागतात. घोड्याचे पैसे न चालण्याचे, ई-रिक्षाचे न चालण्याचे, पूर्वी हातरिक्षाचे असत, ते तर न चालण्याचे आणि शिवाय दुसऱ्याला धावायला लावण्याचे. कडे, दऱ्या, सूर्यास्त, जांभळीची सावली आणि लाल माती यांना अजून कुणी तिकीट लावलेलं नाही. हा सिद्धांत माझा नव्हे, आमच्या आत्याचा. ती बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाली. आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, आता आमचे मोजते.

मे महिन्यात डोंबिवलीत पंखासुद्धा गरम हवा फेकायला लागला, तेव्हा तिने फर्मान काढलं, "वर थंड हवा फुकट पडलीये आणि तुम्ही इथे एसीचं बिल भरताय." अटी अशा: लोकलचं, टॅक्सीचं भाडं आणि खोलीचं भाडं मान्य. वर गेल्यावर करमणुकीसाठी एक रुपया खर्च होता कामा नये. बायकोला हे पटलं, कारण दोन मुलांना घेऊन मॉलमध्ये घालवलेल्या रविवारची बिलं तिने पाहिली होती. मेहुण्याला पटलं नाही. तो वस्तू दिसली की आधी पैसे देतो आणि मग ती काय आहे ते विचारतो. म्हणून त्याचं पाकीट नेरळ स्टेशनातच आत्याच्या पर्समध्ये जमा झालं.

मुलांना नेरळहून मिनी ट्रेनने जायचं होतं, पण सुट्टीच्या दिवसांत त्या गाडीचं तिकीट मिळणं हे पत्रिका जुळण्यासारखं आहे. म्हणून टॅक्सीत बसून मी त्यांना नुसता इतिहास ऐकवला, तोही फुकट. दोन फूट रुंदीचे रूळ, नेरळपासून वीसेक किलोमीटर, वळणावर वळणं. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचे सोळा लाख घालून ही रेल्वे बांधली आणि १९०७ साली ती सुरू झाली.

"स्वतःचे सोळा लाख?" आत्या पुढच्या सीटवरून वळली. "तेव्हाचे?"

"तेव्हाचे."

"आणि घरातलं कुणी काही बोललं नाही?"

दस्तुरी नाक्यावर टॅक्सी थांबते आणि मोटारींचं राज्य संपतं. प्रवेशकर भरावा लागला. आत्याने पावती दोनदा वाचली आणि "हा करमणुकीत धरायचा नाही, हा कर आहे" असा निवाडा दिला. पुढच्याच क्षणी आमच्याभोवती घोड्यांचं रिंगण झालं.

"काका, सात पॉइंट दाखवतो."

"बारा पॉइंट घ्या, लहान मुलं आहेत."

लहान मुलं असली की पाच पॉइंट का वाढतात, हे मला कळलं नाही. माथेरानला अडतीस पॉइंट आहेत असं सांगतात. घोडेवाल्याच्या हिशोबात वळण, बाक आणि चहाची टपरी हेसुद्धा पॉइंटच असतात, आणि मला विचाराल तर त्यात चूक काही नाही.

"मावशी, पायी गेलात तर संध्याकाळ होईल हो," एक वयस्कर घोडेवाला कळकळीने म्हणाला.

"संध्याकाळ घोड्यावर बसलं तरी होतेच," आत्या म्हणाली आणि चालू पडली.

त्या घोडेवाल्याला राग आला नाही. गर्दीतून पुढे होऊन त्यानेच सांगितलं, "रुळाच्या कडेकडेने जा, सावली आहे. बाजार अडीच-तीन किलोमीटर. पिशवीचं तोंड बांधा, माकडं आहेत." एवढा सल्ला शहरात कुणी फी घेतल्याशिवाय देत नाही.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी माथेरानला पुन्हापुन्हा जायला तयार आहे. बायकोने धाकटीचा हात सोडला. पहिलीतली मुलगी, भर रस्त्यात, मोकळी. आमच्याकडे फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मुलाचं मनगट पकडायचं ते घरी आल्यावरच सोडायचं. मध्ये रिक्षा, स्कूटर, खड्डा, पुन्हा रिक्षा. इथे मागून मोटारीचा हॉर्न नाही, कारण मोटारी वर येतच नाहीत. फार तर घोडा येतो, आणि तो आपल्याआधी स्वतःच बाजूला होतो. धाकटीने सुटल्याबरोबर आधी मागे वळून पाहिलं, खरंच सोडलंय ना म्हणून. मग जी धावली, ती एका वारुळापाशी थांबली, तिथून एका मुळाशी, तिथून रुळावर तोल सांभाळत. बायको दहा मिनिटं आपला रिकामा हात नुसता हलवत चालली होती. त्याचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

आठवीतल्या मोठ्याचा आधी मोबाइलला नेटवर्क नाही म्हणून शोक चालला होता. पण झाडाच्या शेंड्यावर तांबूस, झुबकेदार शेपटीचं काहीतरी एका फांदीवरून लांबच्या फांदीवर उडालं, तेव्हा तो थबकला. शेकरू! राज्यप्राणी आहे म्हणून पुस्तकात पाठ केलेलं, पण पुस्तकातलं उडी मारत नाही. फोटो काढेपर्यंत ते गेलं, म्हणून पुढचा अर्धा तास तो मान वर करून चालला आणि दोन अनोळखी गृहस्थांना धडकला.

दुपारी पिसारनाथाचं दर्शन घेऊन शार्लट तलावाच्या जवळ झाडाखाली डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, कैरीचं पन्हं. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा, तेव्हा त्यात पाय बुडवायचे नाहीत, हे आत्याने मुलांना नियमाच्या नव्हे, बापाच्या आवाजात सांगितलं. माकडं एव्हाना जमली होती. माथेरानचं माकड भिकाऱ्यासारखं हात पुढे करत नाही, ते वसुलीला येतं. एक थोराड माकड आमच्या सगळ्यांना ओलांडून, दशम्यांकडे ढुंकूनही न बघता, थेट मेहुण्याच्या छातीवर चढलं. त्याने किंकाळी फोडली. माकडाने त्याच्या शर्टात हात घातला, आतून काजूच्या चिक्कीचं पाकीट काढलं आणि फांदीवर बसून, कागद सोलून, आम्हाला दाखवत खाल्लं.

आत्याने पर्स उघडून मेहुण्याचं पाकीट आहे का ते पाहिलं. होतं.

"पैसे कुठून आले?"

"मोज्यात होते," मेहुणा म्हणाला.

त्यानंतर आत्या त्या माकडाबद्दल फार आदराने बोलू लागली.

एको पॉइंटला करमणूक फुकट असते, म्हणूनच तिथे फार गर्दी असते. मोठ्याने आम्हाला विज्ञान समजावलं: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो; हाक मारल्यावर दोन सेकंदांनी परत आली तर समोरचा कडा ३४० मीटरवर, कारण आवाज जातो आणि येतो. कल्पना उत्तम. अडचण एवढीच की आमच्या शेजारी पंधरा-वीस जणांचा एक संघ आपापल्या बायकामुलांची नावं दरीत टाकत होता, आणि कुठला प्रतिध्वनी कुणाचा ते कड्यालाही ठरवता येत नव्हतं. शेवटी मेहुण्याने तोंडाभोवती हात धरून आरोळी ठोकली, "जेवलात काऽऽऽ?" दोन सेकंद शांतता. मग खालच्या वळणावरून स्पष्ट उत्तर आलं, "नाही अजून, तुम्हीऽऽऽ?" मोठ्याने घड्याळ बंद केलं. असल्या कड्याचं अंतर सूत्राने निघत नाही.

पॉइंटांची नावं वाचताना धाकटीने विचारलं, "इथे सगळे इंग्रजच राहायचे का?" लुइझा, अलेक्झांडर, पॅनोरमा, गार्बट. मी सांगितलं की मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने वर चढून आले आणि त्यांनी माथेरान शोधून काढलं असं म्हणतात. रान तेव्हाही होतं, ठाकर, धनगर, कातकरी होते, पायवाटाही होत्या. पण साहेब येईपर्यंत ते सापडलेलं नाही असं धरायची रीत आहे. आत्याला मॅलेट एका बाबतीत आवडला. "चालत आला ना? घोडा केला नाही ना? बास." लुइझा पॉइंटवरून प्रबळगड समोर दिसतो, एवढा समोर की मेहुण्याला तिथे लगेच जावंसं वाटलं. मध्ये दरी आहे हे त्याला दाखवावं लागलं.

बाजारात मुलांना मी भाई कोतवालांबद्दल सांगितलं. १९१२ साली याच गावात जन्मले, वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभा केला, विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळी लागून गेले. मोठा गंभीर झाला होता. धाकटीने विचारलं, "मग वायफाय गेलं असेल ना?" आत्याने तिला मिठीत घेतलं आणि हसू लपवायला तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी सनसेट पॉइंट, म्हणजे पॉर्क्युपाइन. अख्खं माथेरान तिथे. सूर्य खाली उतरता उतरता क्षितिजाच्या बोटभर वर असतानाच धुरकटात विरला. एक काकू जाहीरपणे म्हणाल्या, "काल चांगला झाला होता म्हणे." लोक थोडा वेळ रेंगाळले, दुसरा खेळ असेल तर बघावा म्हणून. मेहुण्याला वाटलं पैसे परत मिळायला हवेत. दिलेच नव्हते, हे आठवल्यावर तो जास्तच हिरमुसला.

दुसऱ्या दिवशी मात्र मुलांनी पॉइंट बघायला साफ नकार दिला. खोलीसमोरच्या मैदानात त्यांनी लाल दगडांच्या सात चपट्या खपल्या रचल्या, मोठ्याचे दोन मोजे एकात एक कोंबून चेंडू केला (मेहुण्याचे मोजे आत्याने आधी झटकून पाहिले) आणि लगोरी मांडली. घोडेवाल्याचा मुलगा आला. नाशिकचं एक कुटुंब आलं. गुजरातीत ओरडणारी तीन भावंडं आली. त्यांच्याकडे या खेळाला काय म्हणतात ते विचारायला वेळ कुणाला होता? माझी बायको, जी घरात 'माझी कंबर' या विषयावर नेहमी बोलते, ती गुडघ्यावर बसून सातवी खपली ठेवताना पाठीत मोजा खाऊन बाद झाली आणि पंचाशी भांडली. पंच आत्या होती. पंचगिरी करता करता तिने पदर खोचला, मोजा हातात घेतला आणि असा फेकला की लगोरी तर फुटलीच, पाठीमागे उभा असलेला घोडाही दचकला. घोडेवाला म्हणाला, "मावशी, आता बसा एक चक्कर, पैसे नको." आत्या घोड्याकडे बराच वेळ बघत राहिली. फुकट म्हटल्यावर नाही म्हणणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि बसणं तिच्या गुडघ्यांत. तिच्या वतीने धाकटी बसली.

मुलांचे ओठ करवंदांनी जांभळे झाले होते. करवंदं विकत घेतलेली नव्हती. आत्याने ती जाळीतून काढून दिली आणि बाजारात द्रोणाला काय भाव आहे हे विचारून येऊन वहीत 'बचत' म्हणून लिहिली. आम्हा सगळ्यांचे कपडे, केस, पापण्या लाल मातीने एका रंगाच्या झाल्या होत्या. ही माती डोंबिवलीच्या पाण्याने निघत नाही. साबणाची पावडर कुठल्या सदरात टाकायची, यावर परतताना दस्तुरीपर्यंत वाद चालला. मेहुण्याचं म्हणणं, करमणूक. आत्याचं म्हणणं, कर.

खाली जायच्या टॅक्सीच्या रांगेत आत्याने ड्रायव्हरला भाडं विचारलं. त्याने सांगितलं. चढताना होतं तेवढंच.

"वर येताना पेट्रोल लागतं, कबूल. खाली गाडी आपोआप उतरते. मग तेवढेच पैसे कसे?"

ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे म्हणाला, "मावशी, वर जाताना पेट्रोलचे घेतो. खाली येताना ब्रेकचे."

आत्याने घाटाच्या पहिल्या वळणाकडे पाहिलं, पर्स उघडली आणि पैसे सुट्टे मोजून त्याच्या हातावर ठेवले.