गुणवंतांचा सत्रान्तविधी

ज्या विद्यार्थ्याच्या कपाळी विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत येणे लिहिलेले असते, त्याने सत्राची अखेर कशी निभवावी याविषयी मराठीत आजवर कोणी शास्त्रशुद्ध असे काही लिहिलेले नाही. नापासांसाठी मार्गदर्शके आहेत, काठावरच्यांसाठी अपेक्षित प्रश्नसंच आहेत. परंतु हुशार मुलाने सत्र संपत आले असता कोणत्या समारंभास जावे, कोणत्या रांगेत बसावे, टाळ्या किती वाजवाव्यात आणि तेथून केव्हा निसटावे, यावर एकही प्रमाणग्रंथ नाही. वाशीम जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एकतीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि त्या सबंध काळात गुणगौरव समितीवर दरसाल बिनविरोध निवडून आलेल्या (विरोधाला उभे राहण्याइतके रिकामपण दुसऱ्या कोणालाच नसे) प्रस्तुत लेखकाने ही उणीव भरून काढण्याचे योजिले आहे.

शास्त्राचा आरंभ स्थानमाहात्म्याने करावा असा संकेत आहे, आणि त्या बाबतीत आम्ही दरिद्री नाही. वाशीमचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून फुटून. पण वाकाटकांचे वत्सगुल्म ते हेच. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावून दिला तो याच नगरात, आणि तोही गांधर्व पद्धतीने. म्हणजे साहित्याच्या इतिहासातील एवढा मोठा समारंभ आमच्या गावी प्रास्ताविकावाचून, प्रमुख अतिथींच्या परिचयावाचून आणि बिछायत केंद्राच्या खुर्च्यांवाचून निर्विघ्न पार पडला. त्यानंतर तसा समारंभ येथे पुन्हा झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुसरे माहात्म्य काळाचे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी जी मध्यरेषा आपल्या ज्योतिष्यांनी मानली, तिच्यावरील स्थळे सांगताना भास्कराचार्यांनी 'करणकुतूहला'त उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचेही नाव घेतले आहे, आणि मध्यमेश्वराचे देऊळ आजही गावात उभे आहे. ज्या रेषेला धरून भरतखंडातले गणिती वेळेचा हिशेब मांडीत ती रेषा ज्या गावावरून जाते, त्या गावात अकराचा कार्यक्रम पाऊण वाजता सुरू व्हावा, याला दैवदुर्विलास म्हणतात.

म्हणून पहिला नियम पत्रिका वाचण्याचा. पत्रिकेवर 'ठीक अकरा वाजता' असे छापलेले असले तर अकरा वाजता बिछायतवाल्याचा छोटा हत्ती फाटकातून आत येतो, असे समजावे. 'ठीक' हा शब्द नसेल तर साडेअकरा. त्यानंतर अतिथींच्या प्रवासाचे टप्पे आमचा शिपाई दर वीस मिनिटांनी व्यासपीठापाशी येऊन जाहीर करतो: "साहेब अकोल्याहून निंगले म्हने." "साहेब पातूरले चहा घेऊन रायले." "साहेब मालेगावले पोचले, आता आलेच समजा." या तिसऱ्या घोषणेवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही, कारण ती होताच प्राचार्य रुमालाने कपाळ पुसतात, आणि हारांवर पाणी शिंपडण्याची ताकीद नव्याने सुटते. उन्हाळी सत्राची अखेर असेल तर बाहेर पारा चव्वेचाळिसाला टेकलेला असतो, आणि हारांपेक्षा विद्यार्थ्यांवर पाणी शिंपडणे अधिक शास्त्रोक्त ठरेल. पण तशी तजवीज अंदाजपत्रकात नाही.

बसण्याविषयी एवढेच सांगतो: पंख्याखाली.

आता संधींची फेरिस्त. ही दोन प्रकारची असते: ज्यांची सूचना फलकावर लागते त्या, आणि ज्यांची लागत नाही त्या. दुसऱ्याच अधिक मोलाच्या असतात. फलकाला काच आहे, काचेला कुलूप आहे, आणि कुलपाची किल्ली ज्या गृहस्थांपाशी होती ते सेवानिवृत्त होऊन पुण्यास मुलाकडे गेले. त्यामुळे आमच्या फलकावर कित्येक वर्षे एकच सूचना राहिली आणि ती ग्रंथालयाच्या नियमांची होती. तेव्हा शहाण्याने फलकाची वाट पाहू नये, आवक-जावक टेबलावरच्या बाबूंशी सलोखा ठेवावा. विद्यापीठाचे परिपत्रक पहिल्यांदा त्यांच्या हाती पडते, मग ते दप्तरात पडते, आणि मग मुदत संपते.

उदाहरणार्थ 'आविष्कार'. राज्यपालांच्या पुढाकाराने २००६पासून सुरू झालेली ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा. हिच्यात मानव्यविद्येपासून औषधनिर्माणापर्यंत सहा शाखा असतात, आधी भित्तिपत्रक मांडावे लागते, आणि त्यातून निवड झाली तर व्यासपीठावर बोलावे लागते. येथे एक गंभीर सूचना, विनोद बाजूला ठेवून. भित्तिपत्रकावर मजकूर कमी घाला. परीक्षक उभा असतो, त्याचे पाय दुखत असतात, आणि तुमच्या शेजारी आणखी साठ भित्तिपत्रके असतात. रिसोडच्या एका मुलाने हळदीच्या कंदकुजीवर काम केले होते. त्याने नुसते दोन कंद आणले, एक सडलेला, एक निरोगी, आणि ते परीक्षकाच्या तळहातावर ठेवून तो गप्प उभा राहिला. परीक्षक त्याच्यापाशी बराच वेळ थांबले. मी स्वतः त्याला 'हळदीचे सांस्कृतिक महत्त्व' या विषयावर दीड पान जोडण्याचा आग्रह केला होता, तो त्याने मानला नाही हे बरे झाले.

विज्ञानाच्या मुलांसाठी बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते: दोन महिने एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम. तिची गोम अशी की काम उन्हाळ्यात असले तरी अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे करावा लागतो, म्हणजे नेमका त्या दिवसांत, जेव्हा शिफारसपत्र देणारे प्राध्यापक सासुरवाडीला असतात आणि अर्ज करणारा विद्यार्थी शेतात असतो.

शेताचा हा मुद्दा कोणत्याही परिपत्रकात नसतो म्हणून येथे नोंदवून ठेवतो. आमच्याकडे हिवाळी सत्राची अखेर आणि सोयाबीनचा हंगाम हातात हात घालून येतात. सोंगणी, मग गंजी, मग मळणीयंत्राची वाट, मग बाजार समितीपुढची गाड्यांची रांग. या सगळ्यातून घरचा हुशार मुलगा सुटत नाही, उलट हिशेब त्यालाच येतो म्हणून काट्यापाशी त्यालाच उभे करतात. सत्रान्ताच्या 'व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळे'त बाहेरगावचा वक्ता जेव्हा अशा मुलाला वेळेचे नियोजन शिकवतो, तेव्हा तो मुलगा विनयाने मान डोलावतो. त्याच्या नखांत अजून माती असते.

नव्या धोरणातल्या 'ऑनर्स'विषयीही विचारणा होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार तीन वर्षांत निदान १२० श्रेयांक जमले की पदवी, चौथे वर्ष धरून १६० झाले की 'ऑनर्स', आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह 'ऑनर्स'. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत ही रीत २०२४-२५पासून लागू झाली. तेव्हा पहिली तुकडी चौथ्या वर्षात पोहोचेल ती २०२७-२८मध्ये, आणि तोवर आमच्या समितीला त्यांच्या सत्काराचा मसुदा तयार ठेवण्यास भरपूर अवकाश आहे. श्रेयांक म्हणे एका अधिकोषात जमा होतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी त्यावर व्याज किती मिळते असे विचारले होते. मला सांगता आले नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराबद्दल मी अधिक लिहिणार नाही, फक्त एक विसंगती दाखवतो. आमचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपुरापासून वेगळे झाले आणि आज ते गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. बाबा गावात शिरले की आधी दिवसभर झाडू मारीत आणि मग रात्री कीर्तन करीत. आमच्याकडे आधी कीर्तन होते, आणि झाडणे मागाहून रासेयोच्या पोरांकडे येते. बहुधा ज्यांचा सत्कार झाला त्यांच्याचकडे, कारण सांगितलेले काम करण्याची खोड त्याच वर्गात आढळते.

प्रमाणपत्राचे शास्त्र मात्र विस्ताराने सांगणे अवश्य आहे. १९३९ साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्यात वंशावळ संस्कृतात आहे, आणि प्रत्यक्ष दानाचा व्यवहार प्राकृतात, म्हणजे थोरवी थोरांच्या भाषेत आणि कामाची गोष्ट सर्वांना कळेल अशा भाषेत. शिवाय राजाने त्यावर आपल्या राज्यकालाचे सदतिसावे वर्ष नोंदवले आहे. दाता कोण, घेणारा कोण, काय दिले, केव्हा दिले: सोळा शतके झाली तरी दस्तऐवज बोलतो. याउलट आमच्या महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रावर संस्थापकांचे छायाचित्र, संस्थेचे बोधचिन्ह, ब्रीदवाक्य, दोन मोरपिसे आणि तीन सह्या एवढे असून विद्यार्थ्याने नेमके काय केले हे लिहिण्यास उरलेली जागा दीड इंच. विद्यार्थ्याने ते हाती पडताच व्यासपीठावरून उतरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: नावातले ऱ्हस्व-दीर्घ, सही आणि तारीख. तारखेवाचूनचा दाखला हा नुसता कागद होय. पुढे नोकरीच्या वेळी कागदपत्रांची छाननी करणारा कारकून तुमची बुद्धिमत्ता पाहत नाही, तारीख पाहतो, आणि तो बरोबर करतो.

येथपर्यंत वाचकांच्या मनात एक शंका आली असेल की एवढ्या सगळ्याला उशीर होतो तो केवळ अतिथींच्या मोटारीमुळे काय? नाही. अतिथी बिचारे बारा मिनिटे बोलून मोकळे होतात, त्यांना पुढे कारंज्याला दुसरा कार्यक्रम असतो. वेळ जातो तो प्रास्ताविकात, आणि प्रास्ताविक एकतीस वर्षे मी केले. त्याची सुरुवात वत्सगुल्मापासून होई, मग विंध्यशक्ती, मग राजशेखर, मग भास्कराचार्य, आणि महाविद्यालयाच्या स्थापनेपर्यंत येता येता चाळीस मिनिटे सहज सरत. विद्यार्थी त्याला 'सरांची वंशावळ' म्हणत, हे मला फार उशिरा कळले. काव्यपुरुषाच्या विवाहात प्रास्ताविक नव्हते, हा मघाचा विनोदही मी दरसाल करीत असे, आणि तो करण्यास प्रास्ताविकातील चार मिनिटे लागत.

एका वर्षी मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची मुलगी संस्कृतात महाविद्यालयात पहिली आली. मी हरखून गेलो. बीएच्या वर्गात संस्कृत घेणारे तेव्हा सात उरले होते. प्रमाणपत्रांवरची नावे तिरप्या टाकाने मीच लिहीत असे, तिचे नाव लिहिण्यास मी मुद्दाम नवी निब काढली. समारंभाच्या दिवशी ती दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसली होती. वंशावळ ऐन रंगात आली असता ती उठली, वाकून व्यासपीठाच्या कडेला आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, मी निंगतो. चारची यस्टी गेली तं मंग मंगरूळहून पुढं साधनच नाई." मी हाताने थांबण्याची खूण केली आणि भास्कराचार्यांकडे वळलो. वळून पाहतो तो खुर्ची रिकामी.

तिचे नाव पुकारले गेले तेव्हा साडेचार झाले होते. अतिथी प्रमाणपत्र हातात धरून उभे, छायाचित्रकार गुडघ्यावर टेकलेला. शेवटी प्राचार्यांनी डोळ्यांनी खुणावले आणि पाणी वाटत असलेल्या एका मुलीने येऊन ते स्वीकारले. वार्षिकांकात ते छायाचित्र ऐन मध्यपानावर छापले गेले, खाली नाव बरोबर, ऱ्हस्व-दीर्घांसह, आणि वर चेहरा दुसरीचा, तिच्या डाव्या हातात स्टीलचा जग.

प्रमाणपत्र माझ्या कपाटात राहिले. दोन महिन्यांनी ती एमएच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र मागायला घरी आली. मी तिला बसवले, चहा ठेवायला सांगितला, कपाटातून प्रमाणपत्र काढून तिच्या हाती दिले, आणि त्या दिवशी तिच्या माघारी काय काय झाले, अतिथी तिच्याविषयी काय म्हणाले, टाळ्या कशा पडल्या, हे सांगण्यास आरंभ केला. ती ऐकत होती, मधून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. मी विंध्यशक्तीपर्यंत आलो असेन.

"सर," ती म्हणाली, "तेवढी सई करून द्या ना आधी."

मी सही केली. तिने पत्र आणि प्रमाणपत्र एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पाया पडली, चहा उभ्याउभ्याच घेतला आणि बसस्थानकाच्या दिशेने जवळजवळ धावतच गेली. ती कोपऱ्यावर दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या ध्यानात आले की शिफारसपत्रावर तारीख घालायची राहिली.