वाऱ्याचं बिल
पाण्याचे मीटर साधे हवेत की स्मार्ट, यावर कोल्हापूर महापालिका खुशाल खल करू दे. बावडेकरांचा प्रश्न एवढाच, की वाऱ्याचं बिल कुणी भरायचं? पाणी सुटतं ठरल्या वेळेला, तेही सुटलं तर. रिकाम्या पाइपातली हवा पुढं धावते आणि साध्या मीटरची चक्री तिलाच पाणी समजून गरागरा फिरते. बरं, जलशुद्धीकरण केंद्र कसबा बावड्यात, रोज ७६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्रही इथंच. काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन वर्षानुवर्षं ताटकळवून २०२३ च्या दिवाळीत शहरात पोचली. २०१९ च्या महापुरात तर उपसा केंद्रंच बुडाली. दारात पंचगंगा, नळ कोरडा! तेव्हा स्मार्ट मीटरनं काय मोजलं असतं, भावा? टँकर?