अर्जासोबत जोडावयाची बारव

गावात जुनी बारव असण्याला शासनाची हरकत नाही. ती टिकावी असे गावकऱ्यांना वाटले तरी हरकत नाही. त्यासाठी पैसे लागतील म्हटले, की मात्र बारवेचे 'प्रकरण' होते, आणि प्रकरणाला नियम असतात.

प्रस्तुत मार्गदर्शन अशा गावांसाठी आहे, जिथे सात-आठशे वर्षांची बारव आहे, तिच्या पायऱ्यांतून पिंपळ उगवलेत, एका देवकोष्ठात गणपती आणि बाकीच्यांत रिकाम्या क्वार्टर आहेत, आणि दिवाळीला शहरातून आलेल्या कुणीतरी "अरे, हे जपायला पाहिजे रे" म्हणून फोटो काढून परत गेले आहे. वाडा, गढी, वेस किंवा समाधी असलेल्यांनीही हेच वाचावे आणि बारवेच्या जागी आपापली वास्तू घालावी. कार्यालयातही तसेच करतात.

अर्जाचा पहिला रकाना बांधकामाच्या काळाचा. गावात विचाराल तर बारव पांडवांनी एका रात्रीत बांधली आणि कोंबडा आरवल्यामुळे एक बाजू अर्धी राहिली. हे लिहू नये. कारण रकान्यात शतक मागितले आहे, आणि शिवाय ठेकेदाराला एका रात्रीची मुदत मंजूर होईल. त्याऐवजी 'हेमाडपंती' लिहावे. हेमाद्री हा तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता. राज्यकारभार बघून, धर्मशास्त्रावर भलेमोठे ग्रंथ लिहून उरलेल्या वेळात त्याने महाराष्ट्रातल्या यच्चयावत तालुक्यांत देवळे आणि बारवा बांधल्या, असे आपण सर्व जण मानतो. मग अर्जातच वेगळे मत कशाला? दुसरा मार्ग अहिल्यादेवींचा. त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत खरोखरच इतके घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, की आणखी एक त्यांच्या नावावर सहज खपते. त्यांचा जन्म 1725 चा. म्हणजे 2025 हे त्रिशताब्दीचे वर्ष गेले, आणि ज्यांची बारव त्याच वर्षी अहिल्यादेवींची निघाली, त्यांच्या इतिहाससंशोधनाला दाद दिली पाहिजे.

शिलालेख असेल तर सोन्याहून पिवळे. तो बहुधा चुन्याच्या सात थरांखाली, ऑइल पेंटखाली किंवा मोटारीच्या स्टार्टरची पेटी ठोकली आहे तिच्या मागे असतो. पेटी काढायला ती ज्याची आहे तो तयार होत नाही, कारण लेख वाचून झाल्यावर शेताला पाणी कोण देणार, हा त्याचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. पुरातत्त्वात त्याचे उत्तर नाही.

मग मालकी. बारव सगळ्या गावाची आहे, असे सगळे गाव म्हणते. सातबारा तसे म्हणत नाही. सातबाऱ्यावर ती बहुधा कुणाच्या तरी गटात 'विहीर' म्हणून बसलेली असते आणि इतर हक्कांत 'विहिरीत दोन आणे हिस्सा' अशा नोंदी असतात. दोन आण्यांचे पुढच्या पिढ्यांत किती झाले याचा हिशेब कुणी केलेला नसतो. आता या हिस्सेदारांची संमती आणायची. एक सुरतेला असतो. एकाला वाटते, ज्याअर्थी हे सही मागतात त्याअर्थी जमिनीला भाव येणार आहे. एक वारला आहे आणि त्याची वारसनोंद व्हायची आहे. भावकीतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा एकाच कागदावर सह्या करणार नाहीत. त्यांच्यासाठी दोन कागद करावेत. बारव देवस्थान इनामाच्या जमिनीत असेल तर हा परिच्छेद सोडून सरळ वकील गाठावा.

आता जपून टाकायचे पाऊल. बारव संरक्षित आहे का? बहुतेकांना हे ठाऊक नसते. राज्याचा 1960 चा कायदा आहे, केंद्राचा 1958 चा. या कायद्यांखालच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नाव असेल तर वास्तू त्या त्या पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत येते. नसेल तर खाते सहानुभूती दाखवते. यादीत घालून घ्यायचे तर आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने मिळतात आणि मग कधीतरी अंतिम अधिसूचना. 'कधीतरी' या शब्दाला कायद्यात मुदत नाही.

हरकती येणारच. एखाद्या जाणकाराने पारावर एवढेच सांगावे, की केंद्राच्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. तुमची बारव राज्याच्या यादीत जाणार आहे, केंद्राच्या नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही, कुणी लक्षात आणूनही देत नाही. संध्याकाळपर्यंत 'आता घरात संडास बांधायलासुद्धा दिल्लीला जावे लागणार' हे गावभर झालेले असते. ज्या माणसाचे घर बारवेच्या भिंतीला टेकून आहे, किंबहुना ज्याच्या घराची एक भिंत बारवेचीच आहे, तो त्या दिवसापासून ग्रामसभेत तुमच्या समोर बसतो. ठराव मंजूर व्हायला हवा असेल तर आधी त्याच्याकडे चहाला जावे.

पैसे कुणाकडे मागायचे, हे थोडक्यात सांगतो, कारण मागणे सोपे आहे. संस्था हवी. 1860 च्या कायद्याखाली नोंदणीला किमान सात माणसे लागतात. गावात एका विषयावर एकमत असलेली सात माणसे मिळाली, तर तो वारसा बारवेहून दुर्मिळ समजून आधी त्यांचेच जतन करावे. मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, लेखापरीक्षण, प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या. मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कायद्याने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंचे जतन आहे. पण कंपनीला आपल्या कारखान्याजवळची बारव आवडते. तुमच्या पंचक्रोशीत कारखाना नसेल, तर हा दोष बारव बांधणाऱ्याचा. 1996 पासून केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी आहे. परदेशातल्या मराठी मंडळाने डॉलर देऊ केले, तर हुरळून जाऊ नये. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीपासून असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा व्हावे लागतात. बारवेत बादली सोडण्यासाठी दिल्लीत खाते.

राहता राहिला आपला हक्काचा रस्ता, म्हणजे जिल्हा नियोजन समिती आणि आमदार निधी. इथे एक गोष्ट फार काळजीने समजून घ्यावी. निधी वास्तूला मिळत नसतो, तो लेखाशीर्षाला मिळतो. 'संवर्धन' या शीर्षाखाली अर्ज केलात तर तज्ज्ञाचा अहवाल, नकाशे, पुरातत्त्व खात्याचे अभिप्राय आणि तुमच्या आयुष्यातली काही वर्षे लागतील. 'सुशोभीकरण' लिहिलेत तर कागद निम्मे होतात. आणि 'सभामंडप' लिहिलेत तर कागद तुमच्या घरी येतात. म्हणूनच आपल्याकडे यादवकालीन देवळांपुढे पत्र्याचे सभामंडप आहेत आणि देवळाच्या शिखरातून पाणी गळते आहे. गळती बंद करण्याचे कुणी उद्घाटन करत नाही.

अर्जाला फोटो जोडावेत. याचे एक शास्त्र आहे. पडझड इतकी दिसली पाहिजे की वाचणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा, पण इतकी नको की 'अवशेष नाममात्र' असा शेरा पडावा. एक ढासळलेली बाजू, एक शाबूत कमान, पुढे एक वीरगळ, आणि मान वर करून पाहणारी शाळकरी मुलगी. पाहणीला साहेब यायच्या आधी बारव साफ करू नये. उत्साही पोरांनी एखाद्या रविवारी गाळ काढला, झुडपे तोडली, पाणी नितळ दिसू लागले, तर पाहणी अहवालात 'स्थिती समाधानकारक' येते आणि प्रकरण बंद होते. खरे तर दरवर्षी पावसाआधी कोवळे पिंपळ मुळासकट उपटले, पाणी जायची वाट मोकळी ठेवली, तर बारवेचे निम्मे दुखणे जाते आणि चार मजुरांच्या रोजात काम भागते. पण देखभालीला अनुदान नसते. अनुदान पडण्याला असते. तेव्हा पिंपळाला हात लावू नये. तो तुमचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे.

यानंतर अंदाजपत्रक. हा विषय मोठा आहे.

जुनी वास्तू चुन्यात बांधलेली असेल तर चुन्यातच दुरुस्त करावी, हे कुणीही संवर्धन वास्तुविशारद सांगेल. चुनकळी पाण्यात विझवायची, मुरू द्यायची, वाळू आणि विटांची भुकटी घालून दगडी घाणीत दळायची. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा, ज्याच्या त्याच्या घराण्याचे जे असेल ते पडते. असा चुना हवेतून सावकाश घट्ट होतो, ओल आत घेतो, बाहेर सोडतो. सिमेंट तसे नाही. ते ओल कोंडते, मग ओल दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. बारवेचे तर आणखी निराळे. कित्येक बारवांच्या खालच्या थरांत चुनाही नसतो. घडीव दगड नुसते एकमेकांवर बसवलेले असतात, कारण पाझर त्या सांध्यांतूनच आत येतात. बांधणाऱ्याने सांधा मोकळा ठेवला तो विसरून नव्हे.

हे सगळे तुम्ही कार्यालयात सांगता. समोरचे गृहस्थ शांतपणे ऐकतात, कारण जेवणाच्या सुट्टीला अजून वेळ आहे.

"दरसूचीत चुन्याची घाणी नाही," ते म्हणतात.

"मग काय करायचं, भाऊसाहेब?"

"सिमेंट आहे."

"पण सिमेंटनं दगड खराब होतो."

"दगड खराब झाला तर दगड बदलायची बाब आहे की दरसूचीत."

तरीही हट्ट धरलात तर दर पृथक्करण करून तीन कोटेशने आणायला सांगतात. जिल्ह्यात चुन्याचे काम जाणणारा एकच म्हातारा गवंडी उरलेला असतो. त्याला लेटरहेड नाही, जीएसटी क्रमांक नाही आणि 'गुळाचा दर प्रति घनमीटर' या प्रश्नावर तो हसतो. त्याचे एक कोटेशन, त्याच्या मुलाचे दुसरे. मुलगा आता शहरात टाइल्स बसवतो. तिसरे कुठून आणायचे, ते ज्याने तिसरे कोटेशन मागितले त्याच्याच ओळखीत निघते. ही स्पर्धा निकोप असते.

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, त्रुटी, त्रुटींची पूर्तता, पूर्ततेतील त्रुटी. या काळात अर्जदाराने धीर सोडू नये आणि आवक क्रमांक हरवू नये. "फाईल वर गेली" म्हणजे जिना चढून गेली असे समजू नये. वर म्हणजे साहेबांकडे, साहेब दौऱ्यावर. मधल्या काळात 2025 च्या जुलैत मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांतला जिंजी तेवढा तामिळनाडूतला. ती बातमी फोटोसह अर्जाला जोडावी. बारवेचा आणि किल्ल्यांचा संबंध काय, असे कुणी विचारत नाही.

मंजुरी येते. ती फेब्रुवारीच्या उत्तरार्धात येते. निधी 31 मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर परत जातो, म्हणजे यादवांची बारव पाच आठवड्यांत दुरुस्त करायची आहे. पांडवांना एक रात्र लागली, त्या मानाने सवलत मोठी. चुना मुरायलाच तेवढे दिवस हवेत. ठेकेदार मुरत बसत नाही. त्याने निविदा अंदाजपत्रकाच्या बऱ्याच खाली भरलेली असते आणि ते अंतर त्याला कशातून तरी भरून काढायचे असते. पहिल्या आठवड्यात फलक लागतो. त्यावर मान्यवरांची नावे बारवेच्या शिलालेखापेक्षा ठळक आणि जास्त ओळींत असतात. मग सांध्यांत सिमेंटच्या दरजा भरतात, काठावर पेव्हर ब्लॉक, स्टीलचे कठडे, रात्री रंग बदलणारे दिवे आणि गावाच्या नावापुढे लाल बदाम असलेली मोठी अक्षरे. देवकोष्ठातल्या गणपतीला सोनेरी ऑइल पेंट मिळतो. ही बाब अंदाजपत्रकात नसते, ठेकेदार श्रद्धेने करतो.

काम पूर्ण झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. सोबत जिओ-टॅग केलेले फोटो. फोटोत पाणी दिसावे असा आग्रह असतो. सांधे बंद झाल्याने पाझर आटलेले असतील तर ग्रामपंचायतीचा टँकर मागवावा. टँकरचे बिल या प्रकरणाला जोडू नये, वेगळ्या शीर्षात बसते.

दोन-तीन पावसाळ्यांनी सिमेंटमागचे दगड फुगून पुढे येऊ लागतील. तेव्हा सिमेंट काढून बारव पूर्ववत करण्यासाठी नवा प्रस्ताव द्यावा. दरसूचीत 'सिमेंट काढणे' ही बाब पाडकामात मिळेल. जुन्या फायलीची झेरॉक्स करून ठेवा, काळ आणि मालकीचे रकाने तसेच्या तसे उतरवता येतील. फक्त सातबारा नवा काढावा लागेल. तीन महिन्यांपेक्षा जुना उतारा घेत नाहीत. आणि सुरतेच्या हिस्सेदाराला आत्ताच फोन करून ठेवा.