‘मला माहीत नाही’वाले

आपल्याकडे माणसाची पत त्याला काय काय माहीत आहे यावर ठरते. कुठल्या तहसीलदाराची बदली कशामुळे झाली, शेजारचा बंगला कितीला गेला, साहेबांचं आणि धाकट्या साहेबांचं कुठे बिनसलं, हे ज्याला ठाऊक तो कट्ट्यावर मधोमध बसतो. अशा मुलखात एक जमात मात्र ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मान ताठ करून बोलते. ही जमात डेटाबेस सांभाळणाऱ्यांची. कंपनीत त्यांना डीबीए म्हणतात, आणि हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही कंपनीत शिरलात तरी तो एकच गृहस्थ सगळीकडे नोकरीला आहे असं वाटतं.

वय पंचेचाळीसच्या पुढे. भर मे महिन्यात अंगात हाफ स्वेटर, कारण उमेदीची वर्षं सर्व्हर रूमच्या एसीखाली गेलेली. डबा खाताना मोबाइल पालथा. काहीही मागायला गेलात की पहिला प्रश्न, ‘कशाला हवंय?’ त्यामुळे सकाळी यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायलाही जीव धजत नाही. लहानथोर सगळ्यांना ते ‘राजे’ म्हणतात, आणि राजाला शोभेल असा एकही अधिकार कुणाला देत नाहीत.

त्यांचा खरा रंग पाहायचा तर नवं पोर्टल उभं राहताना पाहावा. आमच्याकडे रजेच्या अर्जांचं पोर्टल आलं तेव्हाची गोष्ट. तरुण मुलांनी ते टॉमकॅट सर्व्हरवर चढवलं आणि वापरणाऱ्यांची नावं नि पासवर्ड सर्व्हरबरोबर येते त्या साध्या फाइलीत लिहून मोकळे झाले. गृहस्थांनी फाइल उघडली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. सगळ्यांचे पासवर्ड स्वच्छ वाचता येत होते. ‘मी हे वाचलेलं नाही,’ असं मोठ्यानं जाहीर करून त्यांनी फाइल बंद केली. त्यांच्या चेहऱ्यावर चुकून कुणाच्या न्हाणीघराचं दार उघडलेल्या माणसाचा संकोच होता.

मग माहिती डेटाबेसात हलवायचं ठरलं. त्याची रीत सरळ आहे. एका तक्त्यात नाव आणि पासवर्ड, दुसऱ्यात नाव आणि भूमिका, आणि कुठला तक्ता, कुठला रकाना, हे टॉमकॅटच्या सेटिंगमध्ये लिहायचं. पण टॉमकॅटच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यात पासवर्डाचा रकाना १५ अक्षरांचा आहे, आणि पोरांनी तो जसाच्या तसा उचलला होता. ‘१५?’ गृहस्थ म्हणाले. ‘राजे, मीठ, फेऱ्यांचा आकडा आणि दळण मिळून शंभरावर अक्षरं होतात. उरलेली तुमच्या खिशात ठेवणार?’ डेटाबेस मायएसक्यूएलचा. जुनं मायएसक्यूएल असा लांब मजकूर गुपचूप कापून ठेवायचं, तक्रार म्हणून एक बारीकसा इशारा द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच लॉगिन व्हायचं नाही. ५.७ या आवृत्तीपासून ते सरळ नकार देतं. गृहस्थांना ५.७ फार आवडतं.

नंतर परवानग्या. मुलांना हव्या होत्या ‘सगळ्या’. हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारणं म्हणजे वारकऱ्यांच्या पंगतीत मटणाचा विषय काढणं. टॉमकॅटला तपासण्यापुरतं नाव, पासवर्ड आणि भूमिका वाचता आल्या की भागतं, तेव्हा मिळाली फक्त वाचण्याची. ‘सिलेक्ट दिलंय. आणखी काय करायचंय तुम्हाला तिथं?’ विचारणाऱ्यालाच आपल्या मनात काही काळंबेरं आहे की काय, अशी शंका येऊ लागते.

दळणाचा उलगडा झाला तो मॅनेजरसाहेबांमुळे. एका सोमवारी ते स्वतः यांच्या टेबलापाशी आले.

‘अहो, माझा पासवर्ड काय होता तो जरा बघून सांगा.’

‘मला माहीत नाही.’

‘तुम्हाला नसेल, पण तक्त्यात असेल ना?’

‘तिथंही नाही.’

‘मग मी रोज आत कसा जातो?’

या प्रश्नासाठी गृहस्थ वर्षानुवर्षं थांबलेले असतात. त्यांनी साहेबांना बसायला खुर्ची दिली, ही घटनाच दुर्मीळ. ‘साहेब, गिरणीत गहू टाकले की पीठ पडतं. पिठाचे परत गहू होत नाहीत. तुमचा पासवर्ड आम्ही दळून ठेवतो आणि गहू टाकून देतो. रोज तुम्ही नवे गहू आणता, ते दळतो, ठेवलेल्या पिठाशी ताडून बघतो. जुळलं तर या आत. शिवाय प्रत्येकाच्या दळणात निराळं मीठ. दोघांनी ‘गणपती१२३’ ठेवला तरी पीठ वेगळं.’

‘आणि ते मीठ कुठं लपवता?’

‘लपवत नाही. पिठाशेजारीच असतं.’

‘मग उपयोग काय?’

‘चोराला तयार पिठाची वही वापरता येत नाही. एकेक माणसासाठी गिरणी नव्यानं चालवावी लागते.’

साहेब पासवर्डाविना परतले. गृहस्थ तो आठवडाभर खुशीत होते.

इतर लोकांना सणवार पाठ असतात, यांना चोऱ्या. २००९ साली रॉकयू. ३ कोटी २० लाख पासवर्ड, सगळे उघडे! २०१२ साली लिंक्डइन. दळलेले होते, पण अळणी. २०१३ साली अ‍ॅडोबी. तिथं दळलेच नव्हते, कुलूपबंद ठेवले होते, आणि लोकांनी स्वतःसाठी लिहिलेल्या आठवणीच्या खुणा शेजारीच उघड्या. हे सांगताना त्यांचा आवाज कापतो. ‘आणि राजे, मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी १९७९ सालीच छापून ठेवलं होतं! मीठ घाला, फेऱ्या वाढवा. युनिक्सवर तेव्हा २५ फेऱ्या लावायचे!’ चोरी झाल्याचं सर्ट-इन या सरकारी संस्थेला ६ तासांत कळवण्याचा २०२२ चा आदेश आणि २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यातला २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड हे त्यांचे अगदी अलीकडचे, आणि म्हणून थोडे कमी आदराचे विषय.

फेऱ्यांचा, म्हणजे एकच दळण कितीदा गिरणीतून काढायचं याचा, प्रश्न निघाला की हा माणूस अख्ख्या संगणकक्षेत्राच्या विरुद्ध उभा राहतो. बाकी सगळ्यांना बढती मिळते ती काम वेगात झालं म्हणून. हे एकटेच यंत्राला सांगतात, सावकाश. टॉमकॅट अशा दळणाला मुळात २० हजार फेऱ्या देतं, यांनी त्या ६ लाख केल्या. पोरं कुरकुरली, लॉगिनला वेळ लागतो म्हणाली. ‘लागू दे. तुम्हाला दिवसातून एकदा यायचंय. चोराला कोटी वेळा यायचंय, त्याला लागू दे की वेळ.’ प्रामाणिकपणे सांगायचं तर हा मुद्दा मला आजवर कुणाला खोडता आलेला दिसला नाही. फक्त तो प्रत्येक सभेत, चहा येण्यापूर्वी, मांडायची गरज आहे का, एवढंच.

यांच्या आयुष्यात एक दुखरी जागा आहे. सगळ्यांचे पासवर्ड दळले, पण टॉमकॅटला स्वतः डेटाबेसात शिरायला जो पासवर्ड लागतो तो सेटिंगच्या फाइलीत साध्या अक्षरांत ठेवावा लागतो. तो कुलपात ठेवला तर कुलपाची किल्ली कुठे ठेवायची, असा टॉमकॅट करणाऱ्यांचाच उलटा सवाल आहे, आणि त्याला यांच्याकडे उत्तर नाही. फाइल एकट्या टॉमकॅटखेरीज कुणाला वाचता येणार नाही अशी त्यांनी केली आहे. तरी जाता-येता एकदा परवानग्या बघून घेतात. हा विषय कुणी काढला की ते खिडकीबाहेर पाहून पावसाबद्दल बोलतात. जगात त्यांना माहीत असलेला हा एकच पासवर्ड, आणि तेवढंही माहीत असणं त्यांना सोसत नाही.

गेल्या दिवाळीआधी त्यांना स्वतःला रजा हवी होती. पोर्टल उघडलं तर पासवर्ड आठवेना. दुसऱ्या कुणी तक्त्यात नवं दळण भरून टाकलं असतं, मिनिटाचं काम. यांनी नव्या पासवर्डासाठी रीतसर अर्ज लिहिला, मंजुरीसाठी तो स्वतःकडेच पाठवला, उघडून वाचला आणि फेटाळला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘अर्जदार आणि मंजूर करणारा एकच.’

आता सही लागणार मॅनेजरसाहेबांची, आणि साहेब कोल्हापूरला भाचीच्या लग्नात. फोन लावला. मागे सनई वाजत होती.

‘अहो, करून टाका ना तुम्हीच! मी सांगतोय ना.’

‘तुम्ही सांगताय ते ठीक आहे, साहेब,’ गृहस्थ म्हणाले, ‘पण हा आवाज तुमचाच कशावरून?’